एका ओहोटीचा दिवा

दिवा गेला तेव्हा मी भाषणाच्या ऐन रंगात आलो होतो.

“कोळसो नको, रॉकेल नको, धरण नको!” जोडहोडीच्या फळ्यांवर उभा राहून मी धक्क्याकडे तोंड करून ओरडत होतो. “जवसर आकाशात चंद्र आसा, तवसर ही खाडी भरतली आनि सुकतली. आनि जवसर ती भरता-सुकता, तवसर आपल्या धक्क्यार...”

पुढचा शब्द ‘दिवो’. तो ओठांवर होता, तेवढ्यात माझ्या डोक्यावर बांबूला टांगलेला बल्ब पिवळ्याचा लाल झाला, मग नुसता तांबडा ठिपका उरला, आणि तोही गेला. धक्क्यावरून एकच गलका उठला. मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतायत. मी हात जोडून नमस्कारसुद्धा केला.

“बल्ब गेलो,” माझ्यामागे पाटावर बसलेले तात्या म्हणाले.

“दुसरो घालतंय,” मी म्हणालो.

चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला. पण आजही आमच्या तारवाडीत कुणी फार शहाणपणा करायला लागला की म्हातारी माणसं म्हणतात, “होय रे, बल्ब बदल तू.” बाहेरच्याला त्याचा अर्थ लागत नाही. गावाला बरोब्बर लागतो. या म्हणीचा जनक मी. हल्ली खाडीच्या मुखाशी यंत्रं घेऊन तरुण मुलंमुली येतात, पाण्याची ओढ मोजतात, आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडतं. “काका, इथे पाण्याच्या ओढीवर वीज करायचा प्रयोग पूर्वी झाला होता म्हणे?” मी त्यांना चाक, साखळी, डायनामो असं सगळं नीट समजावून सांगतो. ती वहीत लिहून घेतात. जे त्यांना सांगत नाही, ते इथे सांगतो.

तेव्हा तारवाडीत वीज नव्हती. तारवाडी खाडीच्या अलीकडे; बाजार, दवाखाना, हायस्कूल पलीकडे. वीजही पलीकडे. तिन्हीसांजेला आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की त्या काठाचे दिवे पाण्यात हलताना दिसत, आणि या काठाला माणूस एका हातात कंदील, दुसऱ्या हातात धोतर सावरत शेवाळावरून होडीत उतरे. त्या धक्क्याला दरवर्षी कुणाचं ना कुणाचं हाड लागायचं. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी त्याने शेवंतीच्या आईचं मनगट घेतलं.

शेवंती ही भिकाजी तारींची एकुलती एक मुलगी. तात्या म्हटलं ते हेच. खाडीवरची तर त्यांची, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठाला पोचवायचा मान त्यांच्या घराचा. सकाळ-संध्याकाळ होडी तात्या चालवत, दुपारची खेप शेवंती. माझी पलीकडची सगळी कामं नेमकी दुपारीच निघत.

“पलीकडे काय पुरून ठेयलंस रे?” तात्यांनी एकदा विचारलं.

“वायर आणूक जातंय.”

“रोज?”

“लांब वायर आसा, तात्यानू. थोडी थोडी आणतंय.”

तात्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. न बोलता माणसाला खजील करायची कला त्यांच्याकडे होती.

माझं नाव घनश्याम, गावात घना. बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात तसा मी होतो, फक्त एकाही गावात पेला संपेपर्यंत थांबलो नव्हतो. वायरमनचा कोर्स तेवढा पुरा केला. मग कोल्हापुरात मोटारींचं वाइंडिंग, मुंबईत पंख्याचा कारखाना, गोव्यात जहाजं दुरुस्त करतात तिथे थोडे दिवस. कुठूनही मला कुणी काढलं नाही, हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. दर वेळी मीच निघालो. आपल्या हातून काहीतरी मोठं व्हायचं आहे अशी माझी खात्री होती. ते काय, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. आमची आई म्हणायची, “ह्याचो पाय आनि वाऱ्याचो झोत, दोनय सारके.”

अशा वाऱ्याच्या झोताने शेवटी तात्यांकडे शेवंतीला मागणी घातली. स्वतःच घातली, कारण मध्यस्थ व्हायला कुणी तयार होईना. तात्या होडी उपडी घालून तिला तेल चोपडत होते.

“ना म्हणूचंय नाय,” ते हात न थांबवता म्हणाले. “हुशार आसस. निर्व्यसनी आसस. पण रवतलंस खंय?”

“हयच. तारवाडीत.”

“किती दिस?”

मी खूप विचार केला आणि म्हणालो, “तसो काय बेत नाय जावचो.”

“तसो तुझो खंयसूनच जावचो बेत नव्हतो,” तात्या म्हणाले.

त्यातच शेवंतीला एक स्थळ आलं. मुलगा जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत, परमनंट. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण आमच्या घरात आणि तारींच्या घरातही त्याचा उल्लेख ‘परमनंट’ असाच व्हायचा. त्या एका शब्दापुढे माझी तिन्ही शहरं पाणी भरत होती.

वीज मला सुचली ती चपलेमुळे. दुपारच्या खेपेला शेवंतीशी बोलण्याच्या नादात माझी एक चप्पल पाण्यात पडली. ओहोटी जोरात होती. मी “अरे अरे” म्हणेपर्यंत चप्पल वळणाच्या पलीकडे गेली. शेवंतीने वल्हं सोडून पोट धरलं. मी मात्र हसलो नाही. मला त्या चपलेत वीज दिसली. भरतीला पाणी आत धावतं, ओहोटीला बाहेर धावतं, मधे जरा दम खातं, की पुन्हा धावतं. एवढा फुकटचा गडी रोज दारावरून जातोय आणि आपण कंदिलाच्या काचा पुसत बसलोय!

मी एका पायात चप्पल घालून थेट तात्यांकडे गेलो. धक्क्यावर दिवा लावून दाखवतो म्हणालो. पाण्याच्या ओढीवर.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर माझी अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. आत बायको मनगटाला लेप लावून बसली होती, तिच्याकडे एकदा पाहिलं.

“पेटवतलंस तू, ता माका म्हायत आसा,” ते म्हणाले. “विडी पण पेटता. टिकवून दाखव. एक अख्खी ओहोटी दिवो जळूक होयो. पाणी सुटल्यापासून सुकापर्यंत. तितको टिकलो तर चेडू तुझा. मधी गेलो, तर मी परमनंटाक होकाराचो कागद धाडतलंय.”

शेवंतीला हे कळलं तेव्हा ती जाळं विणत होती. तिने मान वर केली नाही. “मधीच विझलो तर मी रडत बसूचंय नाय हां, सांगान ठेवतंय. सरळ परमनंटाच्या घरात जातलंय आनि नळाच्या पाण्यान न्हातलंय.”

पण दुसऱ्या दिवशी मी डांबराच्या पिंपाचे पत्रे कापायला बसलो, तेव्हा पत्रा धरायला तीच आली.

तात्यांनी दोन जुन्या होड्या दिल्या. त्या मी फळ्या ठोकून शेजारी शेजारी जोडल्या. दोघींच्या मधे चाक. चाकाला पिंपाच्या पत्र्यांची पाती. चाकावरून सायकलची साखळी, साखळीवरून पट्टा, पट्ट्यावर एका मोडीत निघालेल्या ट्रकचा डायनामो, आणि डायनामोवरून ट्रकचाच बल्ब. धक्क्याला लावून घेतलेल्या पहिल्या चाचणीत साखळीने माझा शर्ट ओढून घेतला. दुसरीत पाती निखळून चपलेच्या मार्गाने गेली. तिसरीत बल्बने एकदा डोळा मिचकावला आणि मी दिवसभर जेवलो नाही, इतका आनंद झाला. गावाने त्या सगळ्या लटांबराला ‘घनाचो रहाट’ असं नाव ठेवलं.

कोजागिरी होऊन काही दिवस झाले होते. दुपारी भरती पुरी होऊन संध्याकाळभर ओहोटी, असा दिवस आम्ही निवडला. अख्खी तारवाडी धक्क्यावर जमली. तारेला पैसे पुरले नव्हते, म्हणून बल्ब सध्या होडीवरच बांबूला टांगायचा, तो धक्क्यावरून सगळ्यांना दिसेल, आणि पास झालो की तार धक्क्यापर्यंत न्यायची असं ठरलं. शेवंतीच्या आईने डाव्या हाताने जोडहोडीला कुंकू लावलं, नारळ वाढवला. शेवंती आम्हाला तरीच्या होडीने मधल्या ओढीपर्यंत घेऊन गेली. रहाट मागे दोराने ओढत आणला होता. परीक्षक म्हणून तात्या माझ्याबरोबर चढले. त्यांनी बसायला घरून पाट आणला होता.

“वल्ही ठेवू?” मी विचारलं.

“वल्ही कित्याक? ह्या खंय जाणारा नाय मा?”

“नाय.”

“मगे काढ. जड होता.”

आम्ही वल्ही शेवंतीच्या होडीत टाकली. नांगर पाण्यात सोडला. तो तळाला बसला. त्याच्या दोराचं टोक जोडहोडीवर आलं. ते पुढच्या खुंटाला बांधलं की तयारी संपली.

तात्यांनी टोक हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने साखळीला तेल घालायला लागलो. तात्यांनी टोक खाली ठेवलं, घसा खाकरला, विडी शिलगावली. मग मी टोक उचललं. तात्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ते पुन्हा होतं तिथे ठेवलं. शेवटी त्यांनी ते उचलून खुंटाभोवती वेढे मारले, वेढ्यांवर थाप मारली आणि म्हणाले, “बगूया मागसून.” होडीत शेवंती आभाळाकडे बघत होती. धक्क्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या का हसत होत्या हे मला माहीत होतं आणि तात्यांनाही. तुम्हालाही सांगतो, पण जरा दम धरा. माझी सगळी शोभा एकाच जागी करून कसं चालेल?

शेवंती होडी घेऊन धक्क्याला परत गेली. पाणी सुटलं. आधी हळू, नुसती कचऱ्याची काडी सरकावी तसं. मग चाकाचं एक पातं हललं, मग दुसरं. साखळी कुरकुरली. सूर्य मुखाकडे बुडायला आला होता, आणि उजेड कमी होत असताना आमचा बल्ब हळूहळू वाढत गेला. पिवळा, मग चांगला पांढरा.

धक्क्यावर कुणी ओरडलं नाही. एवढी माणसं आणि चिडीचूप. शेवंतीच्या आईने तिन्हीसांजेच्या दिव्याला जोडतात तसे हात जोडलेले मला लांबून दिसले. मी खोटं बोलणार नाही, त्या घटकेला मला शेवंतीही आठवली नाही. उभ्या जन्मात मी पहिल्यांदाच काहीतरी पुरं केलं होतं.

“बरो पडता उजेड,” तात्या म्हणाले. त्या उजेडात त्यांच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती मोजता आली असती.

शहाणा माणूस असता तर इथे गप्प बसला असता. मी भाषण सुरू केलं. त्याचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

तर, बल्ब गेला. मी खिशातला दुसरा बल्ब घातला. पेटला नाही. तिसरा घातला. तोही नाही. मग पहिलाच पुन्हा पुसून घातला, कारण हार मानण्याआधी माणूस हेच करतो. तात्या पाट सोडून उठले आणि बांबू माझ्यासाठी वाकवून धरू लागले.

“तारेत बघ.”

“तार बरी आसा.”

“मगे त्या डब्यात बघ.”

मी डायनामोच्या डब्यात डोकं घातलं. तात्यांनी काडीमागून काडी ओढून मला उजेड दाखवला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की चाकच फिरत नाहीये.

“शेवाळ अडाकला असतला,” मी म्हणालो आणि पात्यावर लाथ मारली. चाक फिरलं. बल्ब क्षणभर लाल झाला आणि विझला.

“पेटता! पेटता रे!” तात्या ओरडले. आणि मग त्यांनी जे केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी पातं रेटलं. एक गेलं की दुसरं, दुसरं गेलं की तिसरं. डोक्यावर बल्ब लुकलुकायला लागला.

“तात्यानू, तुमी कित्याक?” मी विचारलं. “तुमी परीक्षक.”

“गप रव. लोक बगतत. तू पण फिरव.”

मी समोर बसलो. दोघांनी मिळून चाक रेटायला सुरुवात केली. हाताला पत्रा कापत होता. तात्यांना धाप लागली होती. धक्क्याच्या बाजूने पुन्हा ओरडा झाला, तेव्हा तात्यांनी एक हात सोडवून लोकांना ‘सगळा ठीक आसा’ अशी खूण केली.

“किती ओहोटी उरली?” मी विचारलं.

“आसा अजून. फिरव तू. टिकाक होयो.”

मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, अट म्हणजे अट, म्हातारा काटेकोर आहे. ज्या माणसाने साठ वर्षांत खाडीकडे कधी पाठ केली नव्हती, तो आज पाण्याकडे पाठ करून, माझ्या नापास होणाऱ्या दिव्याला हाताने ढकलून पास करत होता, हे समजायला डोकं जागेवर लागतं. माझं डायनामोच्या डब्यात होतं.

मग एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, पट्टा घासतोय. पण तो आवाज खालून नव्हता, समोरून होता, आणि त्यात मधे मधे काहीतरी फुटत होतं. तात्यांचे हात थांबले. बल्ब विझला. त्यांनी सावकाश मान वर केली.

“घना.”

“काय?”

“धक्को खंय गेलो?”

मी बघितलं. धक्का नव्हता. धक्क्याच्या जागी सुरूची झाडं होती, आणि सुरूची झाडं आमच्या गावात फक्त खाडीच्या मुखाशी आहेत. मुखावर वाळूचा बांध आहे. उधाणाच्या ओहोटीला त्यावर लाटा अशा फुटतात की मोठे मचवे पाणी चढेपर्यंत बाहेर थांबतात. आमचं लटांबर तिथे पोचलं असतं तर फळ्यासुद्धा एकत्र राहिल्या नसत्या.

आम्ही दोघांनी एकाच वेळी पुढच्या खुंटाकडे पाहिलं. खुंट रिकामा होता.

“दोर?” तात्या म्हणाले.

“तुमी बांधलात मा?”

“मी वेढे मारले. तू बांधलंस नाय?”

“मी कसो बांधू?”

“आनि मी कसो सांगू तुका बांध म्हणान?”



आता सांगायला हरकत नाही. आमच्या खाडीवरच्या घरांत एक रीत होती. नव्या होडीच्या नांगराच्या दोराला पहिली गाठ मारायची, ती घरच्या जावयाने. तात्यांनी स्वतः कधीकाळी सासऱ्याच्या होडीला तशीच गाठ मारली होती आणि तिथेच राहिले होते. आता रहाटाच्या वेळी त्यांनी मला “बांध” म्हटलं असतं, तर ओहोटी सुरू होण्याआधी, अख्ख्या गावादेखत मला जावई म्हटल्यासारखं झालं असतं. मी आपणहून बांधली असती, तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आणि त्यांनी स्वतः बांधली असती, तर या घराला जावईच नाही असं होतं. एकुलत्या एका मुलीचा बाप असं अभद्र कसं करणार? म्हणून वेढे. दोघांनी रीत इतकी नीट पाळली की गाठ मारायचीच राहिली. ओढ कमी होती तोवर वेढ्यांनी दम धरला. ओढ वाढली, तसा दोर एकेक वेढा सोडवत निघून गेला, आणि मी तेव्हा चंद्राबद्दल बोलत होतो.

“पोहूक येता?” तात्यांनी विचारलं.

“येता. ह्या पाण्यात नाय.”

“माका पण आता जमणा नाय,” ते म्हणाले. पाटावर जाऊन बसले. लाटांचा पांढरा पट्टा आता अंधारातही दिसत होता. मला त्या क्षणी भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. माझं गेलं तर गेलं, पण या माणसालाही मी घेऊन निघालो होतो, तेही पाटासकट.

तेवढ्यात मागून वल्ह्यांचा आवाज आला. चांगला खणखणीत, जीव खाऊन मारलेल्या वल्ह्यांचा.

“बाबानू!” शेवंती ओरडत होती. “किती हाका मारल्यो! लोक घसो फोडून सांगतत, दोर सुटलो, दोर सुटलो, आनि तुमी हात हालवतास? तो एक नमस्कार करता!”

पहिला बल्ब गेला तेव्हाच ती निघाली होती. धक्क्यावरून होडी सोडून, आमच्या मागे, उरी फुटेस्तोवर वल्ही मारत. जवळ आल्यावर तिने होडीचा नांगर पाण्यात लोटला आणि दुसरा दोर गरगर फिरवून आमच्याकडे फेकला.

“मी नांगार टाकलंय. दोर बांधा! बेगीन!”

दोराचं ओलं टोक बरोब्बर माझ्या आणि तात्यांच्या मधे फळीवर पडलं.

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि काय सांगू, पुढे मरण आ वासून उभं असताना आम्ही दोघंही नुसतेच त्याच्याकडे पाहत राहिलो.

“अरे बांधा कोण तरी!” शेवंतीचा आवाज फाटला.

तात्यांनी मुखाकडे पाहिलं. वरच्या काळ्या बल्बकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. दोन्ही तळव्यांना पत्र्याने कापलं होतं, त्यांच्याही.

“घना, तुका गाठ मारूक येता मा?”

“येता.”

“घट्ट?”

“होय.”

“मागसून सुटाची नाय तशी?”

मी मान हलवली. अंधारात ती त्यांना दिसली नसेल म्हणून पुन्हा म्हणालो, “नाय सुटाची, तात्यानू.”

“मगे मार.”

मी दोर उचलला आणि खुंटाला गाठ मारली. वायरमनच्या हातांना होडीची गाठ सहजी जमत नाही, त्यातून तळवे कापलेले. एकावर एक दुसरी मारली, मग तिसरी. समोरच्या होडीत शेवंती पाठ फिरवून उगाचच नांगराचा दोर चाचपत बसली.

दोर ताणला. जोडहोडीला असा हिसका बसला की तात्या पाटावरून घसरले. होडीचं तोंड फिरलं, लाटांकडे होतं ते गावाकडे झालं, आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. इतका वेळ गप्प असलेलं पाणी दोन्ही होड्यांच्या मधून खळाळत यायला लागलं. एक पातं हललं. मग दुसरं. साखळी कुरकुरली. आमच्या डोक्यावर बल्ब लाल झाला, पिवळा झाला आणि चांगला पांढरा पेटला. त्या उजेडात मला समोरच्या होडीत बसलेली शेवंती दिसली. रडणार नाही असं सांगून ठेवलेली शेवंती दोन्ही हातांनी तोंड पुसत होती.

तात्या तसेच फळीवर बसून बल्बकडे बघत राहिले.

“कितवो बल्ब ह्यो?”

“पयलोच. तोच परत घातललंय.”

“मगे मगाशी कित्याक पेटाक नाय?”

मी बाजूने धावणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. संध्याकाळभरात पहिल्यांदाच मी डोकं चालवलं. पाणी चाक फिरवणार, पण चाक एका जागी असेल तर. पाणी ज्या वेगाने चाललंय त्याच वेगाने चाकही निघालं, तर पाणी त्याला काय ढकलणार? कोल्हापूर, मुंबई, गोवा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“आपण पाण्यावांगडा जात होतांव, तात्यानू,” मी म्हणालो. “म्हणान दिवो गेल्लो. आता आपण थांबलांव.”

तात्यांनी विडी काढली, पण काड्या माझ्यासाठी संपवल्या होत्या. त्यांनी ती विडी कानावर ठेवली, पाट सरळ केला आणि त्यावर नीट बसले. ओहोटी अजून बरीच बाकी होती.

“मगे थांबान रव,” ते म्हणाले.